हुशार मुलांच्या योजना हुशार मुलांच्या कामी येतात काय?



हुशार मुलांसाठी शासन आणि निरनिराळ्या संस्था ज्या खास योजना चालवितात, त्या खरोखर हुशार मुलांच्या उपयोगी पडतात काय, हा आजचा विषय आहे. विषय शिक्षणतज्ज्ञाचा आणि बोलावयास उभा आहे एक युनियनवाला. तेव्हा आधी थोडा खुलासा केला पाहिजे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढे जे काही शिकलो ते विडी कामगारांच्या सभांत, कायद्याच्या पुस्तकांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे कामगार माणसे माझ्याकडे दोन तऱ्हेचे कागद घेऊन येतात. एक कागद मजुरीचा असतो, दुसरा मुलाचा. मजुरीच्या कागदावर सही करून घेताना आई-बापांचा चेहरा त्रासलेला असतो. मुलाच्या कागदावर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या किंवा नवोदयच्या अर्जावर सही घेताना तोच चेहरा उजळतो. या एका कागदावर माणसे इतकी आशा ठेवतात, की तो कागद नेमके काय देतो आणि काय देत नाही, हे नीट पाहणे माझे कामच आहे असे मी समजतो.

प्रथम या योजना कोणत्या ते पाहू. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार परीक्षेचा. परीक्षा घ्यावयाची, वर आलेल्यांना पैसे किंवा प्रशस्तिपत्र द्यावयाचे आणि मूल आपल्या शाळेतच ठेवावयाचे. आपल्या राज्यातील शिष्यवृत्ती परीक्षा या प्रकारची. ती अनेक दशके चौथीच्या व सातवीच्या मुलांसाठी होती. २०१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली. राष्ट्रीय पातळीवर १९६३ साली विज्ञानातील प्रतिभाशोध सुरू झाला, पुढे तो सर्व विषयांचा झाला, आणि २०२१ नंतर ती परीक्षा थांबली. २००८ पासून केंद्र शासनाची आणखी एक योजना आहे. आठवीत परीक्षा घेऊन कमी उत्पन्नाच्या घरातील मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये देतात. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालविलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही याच प्रकारची.

दुसरा प्रकार निवासी शाळेचा. निवडलेले मूल घरातून उचलून एका चांगल्या शाळेत नेऊन ठेवावयाचे. महाराष्ट्रात साठीच्या दशकात निघालेली शासकीय विद्यानिकेतने ही त्यातली जुनी. पुसेगाव, औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणी खेड्यातील हुशार मुले एकत्र आणून शिकविण्याचा तो प्रयोग होता. त्यानंतर आली नवोदय विद्यालये. १९८५-८६ मध्ये देशात प्रयोगादाखल प्रथम दोनच नवोदय विद्यालये उघडली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्याच विदर्भात, अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. आपल्या गोंदिया जिल्ह्याचे नवोदय नवेगावबांधला आहे.

तिसरा प्रकार संस्थेचा. पुण्यात डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धिमापन चाचण्या घेऊन मुले निवडावयाची, आणि त्यांची बुद्धी केवळ त्यांच्या संसारासाठी नव्हे तर समाजाच्या कामी लागावी असे शिक्षण द्यावयाचे, असा तेथील हेतू. या तिन्ही प्रकारांत भली माणसे कामाला लागलेली आहेत, हे आधीच नमूद करतो. मी जी चिकित्सा करणार आहे ती माणसांची नव्हे, पद्धतीची आहे.

आता मूळ प्रश्न. एखादी योजना हुशार मुलाच्या कामी येते असे म्हणावयाचे तर तिला तीन गोष्टी साधल्या पाहिजेत. एक, तिला हुशार मूल सापडले पाहिजे. दोन, सापडलेल्या मुलाला असे काही मिळाले पाहिजे, की जे त्याला एरवी मिळाले नसते. आणि तीन, या देण्याच्या मोबदल्यात त्याच्याकडून आणि त्याच्या मागे राहिलेल्यांकडून जे काढून घेतले जाते, ते देण्यापेक्षा जास्त असता कामा नये. क्रमाने घेऊ.

मूल सापडण्याचा प्रश्न पहिला. बुद्धी मोजण्याची चाचणी १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व सिमॉन यांनी तयार केली. ती कशासाठी केली हे फार थोड्यांना ठाऊक असते. शाळेत जी मुले मागे पडतात त्यांना ओळखून जास्त मदत करता यावी, यासाठी ती होती. पुढे अमेरिकेत तीच मोजपट्टी उलट्या टोकाने धरली गेली. लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियात सुमारे १,५०० अतिबुद्धिमान मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्यातील बरीच मुले पुढे चांगली डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. परंतु त्यावेळी चाचणी घेऊन ज्यांना गाळले त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ अशी दोन मुले होती. या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली. निवडलेल्यांपैकी मात्र एकालाही नोबेल मिळाले नाही. याचा अर्थ चाचणी खोटी असा नाही. चाचणी ठरावीक वेळी ठरावीक तऱ्हेचे प्रश्न सोडविण्याची तयारी मोजते, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या तयारीला आपण बुद्धी म्हणू लागलो की घोटाळा सुरू होतो.

नवोदयची परीक्षा घ्या. मूल पाचवीत असते. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतील ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे. २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना आहेत, ही या योजनेची मोठी जमेची बाजू आहे; ती मी कमी लेखणार नाही. परंतु ‘ग्रामीण’ या एका शब्दात किती माणसे बसतात? खेड्यातला शिक्षक ग्रामीण, धान गिरणीचा मालक ग्रामीण, खताचा दुकानदार ग्रामीण, आणि तेंदूपान तोडणारी बाईही ग्रामीणच. पहिल्या तिघांची मुले तालुक्याच्या क्लासला जातात, आकृत्यांची पुस्तके विकत घेतात, सरावाच्या वीस-वीस प्रश्नपत्रिका सोडवतात. चौथीच्या मुलाने तशी आकृती प्रथम पाहिली तर ती परीक्षेच्या हॉलमध्येच. मग दोन तासांनी जे मोजले जाते ते काय? मुलाची हुशारी की घराची ऐपत?

ही गोष्ट मला माझ्या धंद्यातल्या उदाहरणाने जास्त स्पष्ट होते. विडी कामगारांना ‘छाट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दिवसभर वळलेल्या विड्या ठेकेदाराकडे न्यावयाच्या. तो त्या चाळणार आणि काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकणार. त्यांची मजुरी नाही. आमची लढाई छाट असू नये यासाठी कधीच नव्हती. खराब विडी खराबच असते. लढाई होती ती छाट कोण ठरवितो, कोणत्या मापाने ठरवितो, आणि कामगाराला त्यावर विचारता येते की नाही, यासाठी. कारण दिलेले पानच फाटके असेल आणि तंबाखू कमी असेल, तर विडी बिघडल्याचा दोष वळणाऱ्या हाताला कसा लावावा? मुलांच्या निवडीला मी हाच प्रश्न विचारतो. फाटके पान देऊन वळलेली विडी आणि निवडक पानाची विडी एकाच सुपात घेऊन चाळावयाची, आणि हिला गुण म्हणावयाचे, हे न्यायाचे नाही.

यावर काही इलाज आहे काय? आहे, आणि तो प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा मोठा जिल्हा आहे. तेथे हुशार मुलांच्या खास वर्गासाठी पालकांनी किंवा शिक्षकांनी नाव सुचवावे, मग चाचणी व्हावी, अशी रीत होती. साहजिकच सुखवस्तू गोऱ्या घरांतील मुलांची नावे जास्त येत. २००५ साली जिल्ह्याने रीत बदलली. दुसरीतील प्रत्येक मुलाची, कोणी सुचवो वा न सुचवो, एक छोटी प्राथमिक चाचणी घ्यावयाची आणि तिच्यात चमकणाऱ्यांना पूर्ण चाचणीला पाठवावयाचे. प्रवेशाचे माप खाली आणले नाही. फक्त चाळणीखालून सर्वांना नेले. तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषिक घरांतील हुशार मुलांची संख्या एकदम वाढली. ती मुले आधीही तेथेच होती, कोणी त्यांच्याकडे पाहिले नव्हते इतकेच. पुढे पैशाच्या ओढाताणीत ती सार्वत्रिक चाळणी बंद पडली आणि जुनी दरी परत आली. कार्ड आणि जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला हा अभ्यास माझ्या मते प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने वाचावा असा आहे.

आणखी एक गोष्ट. चाचणीला जे दिसत नाही तेही हुशारीच असते. आमचे चोरखमारा तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, मोठ्या तलावाचे गाव. इथली दहा वर्षांची पोरे मोहफूल वेचताना कोणते जनावर कोणत्या वाटेने गेले ते मागावरून सांगतात, ढगाचा रंग पाहून धानाच्या बांधीत पाणी ठेवावे की सोडावे हे बापाला विचारतात आणि वाद घालतात. हा सारा भाग, पूर्वीचा भंडारा जिल्हा, तलावांचा म्हणून ओळखला जातो. हे तलाव कोणी बांधले? कोहळी समाजाच्या माणसांनी. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. पाणी कोणत्या दोन टेकड्यांच्या मध्ये अडवावे, पाळ कोठे बांधावी, सांडवा कोठून काढावा, हे त्यांनी उघड्या जमिनीवर वाचले आणि शेकडो वर्षे टिकेल असे काम केले. आज त्याच नवेगावबांधला नवोदय विद्यालय उभे आहे. कोलू पाटील दहा वर्षांचे असताना त्यांच्यापुढे ते ८० प्रश्न ठेवले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. आणि नेमकी तीच अडचण आहे.

आता दुसरा मुद्दा. मूल सापडले, त्याला काय मिळाले? येथे मी प्रथम या शाळांच्या बाजूने बोलणार आहे. ज्या घरात रात्री दिवा कोणासाठी लावावयाचा, विडी वळणाऱ्या आईसाठी की अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी, असा प्रश्न पडलेला आम्ही पाहिला आहे, त्या घरातील मुलीला दोन वेळचे जेवण, पलंग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि रोज वर्गावर येणारे शिक्षक मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. नवोदयमध्ये राहणे-जेवणे-पुस्तके मोफत आहेत. तेथून निघून गरीब घरांतील मुले इंजिनियर झाली, डॉक्टर झाली, सरकारी अधिकारी झाली. त्यांच्या आईबापांपुढे जाऊन ‘ही योजना व्यर्थ आहे’ असे म्हणण्याची माझी छाती नाही, आणि तसे माझे मतही नाही.

परंतु शाळेने मूल घडविले, की घडणारे मूल शाळेने निवडून घेतले, हा हिशेब वेगळा करावा लागतो. चांगले बियाणे घेऊन चांगले पीक काढले तर शेतीचे कसब किती, हे कळत नाही. अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे प्रवेशपरीक्षेने मुले घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली असे तपासले, की ज्यांना एक-दोन गुणांनी प्रवेश मिळाला आणि ज्यांचा एक-दोन गुणांनी हुकला, त्यांच्यात पुढे किती फरक पडला. पहिला गट मोठ्या नावाच्या शाळेत गेला, दुसरा साध्या शाळेत. पुढच्या परीक्षांतील गुणांत जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. २०२१ साली दुसऱ्या दोन अभ्यासकांनी साऱ्या अमेरिकेतील लहान मुलांची माहिती पाहून असे काढले, की हुशार मुलांच्या खास कार्यक्रमांचा अभ्यासातील सरासरी फायदा थोडासाच आहे. मात्र कार्ड आणि जुलियानो यांनीच आणखी एका अभ्यासात असे दाखविले, की चांगले गुण मिळविणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग केला तेव्हा त्यातील कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषिक मुलांना चांगला लाभ झाला, आणि मागच्या वर्गात राहिलेल्यांचे त्याने नुकसान झाले नाही.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्यांतून एक साधा अर्थ निघतो. ज्याला घरीच पुस्तक, शिकवणी आणि वेळ मिळतो, त्याला खास योजनेचा उपयोग थोडा. ज्याला त्यातले काहीच मिळत नाही, त्याला तो फार. म्हणजे ज्यांना कमी गरज आहे ती मुले प्रवेशपरीक्षेत जास्त येतात आणि ज्यांना जास्त गरज आहे ती कमी. औषध निरोग्याला आणि रोगी दाराबाहेर, अशातला हा प्रकार होतो. योजना वाईट नाही. तिचे दार चुकीच्या भिंतीला आहे.

शिवाय हुशार मुलाला हवे तरी काय असते? मी पाहिले आहे त्यावरून चार गोष्टी सांगतो. त्याला आपल्या वेगाने पुढे जाऊ देणारा अभ्यास हवा. आपल्यासारखे वेडे प्रश्न विचारणारा एक तरी सोबती हवा. ‘मला ठाऊक नाही, आपण दोघे शोधू’ असे म्हणणारा शिक्षक हवा. आणि चुकण्याची मोकळीक हवी. आता आपल्या परीक्षांच्या तयारीकडे पाहा. तेथे वेग सर्वांचा सारखा, सोबती हा प्रतिस्पर्धी, शिक्षकाजवळ उत्तरांची यादी, आणि चूक म्हणजे गुण गेला. रामानुजन कुंभकोणमच्या कॉलेजात गणितात बुडून गेला, इंग्रजीत नापास झाला आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. परीक्षेच्या दृष्टीने तो निर्णय नियमाला धरूनच होता. आज तो नियम करणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, एवढेच.

याबाबतीत ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी एक चांगला प्रश्न उभा केला, की ही बुद्धी कशासाठी? १९९३ च्या भूकंपानंतर या संस्थेने हराळीला जाऊन निवासी शाळा उभी केली, हे त्या प्रश्नाचे एक उत्तर म्हणता येईल. बुद्धिमान मुलाला त्याच्या बुद्धीचे ऋण समजावून देणे हे मी त्याच्या हिताचेच समजतो. नाहीतर त्याला लहानपणापासून फक्त एकच शिकविले जाते, की तू इतरांहून वेगळा आहेस. आणि कॉलेजात गेल्यावर आपल्यासारखे शंभर भेटले की त्याचा धीर सुटतो.

तिसरा मुद्दा मोबदल्याचा. अकरा वर्षांचे मूल घर सोडून जाते. आईची बोली, गावचे सण, धाकट्या भावंडांची सोबत मागे राहते. मूल सुट्टीत येते तेव्हा पोवारी किंवा गोंडी बोलावयास संकोचते, असे पालकच सांगतात. काही मुलांना हे मानवते, काहींना मानवत नाही. परंतु ज्याला मानवले नाही ते मूल परत आले तर गाव त्याला ‘परत आलेले’ म्हणून ओळखते. आणि ज्याची निवडच झाली नाही त्याचे काय? दहाव्या वर्षी, आयुष्यातल्या एकुलत्या एका परीक्षेत, त्याला सांगितले जाते की तू हुशार नाहीस. पुष्कळ मुले हे खरे मानतात. माझ्या माहितीतील एका मजूर घराच्या मुलीने नवोदयच्या यादीत नाव नाही म्हणून गणिताचे पुस्तक बाजूला ठेवले ते ठेवलेच. परीक्षेने तिला नापास म्हटले नव्हते. जागा ८०, मुले हजारो, एवढेच घडले होते. पण हा खुलासा तिला कोणी केला नाही.

गावच्या शाळेचेही एक नुकसान होते. आम्हा युनियनवाल्यांना मालकाची एक जुनी युक्ती ठाऊक आहे. सभेत जो कामगार नेमके प्रश्न विचारतो त्याला मालक बोलावतो आणि मुकादम करतो. त्या माणसाचे भले होते, यात शंका नाही. पण सभा मुकी होते. गावातली पाच हुशार मुले निघून गेली, की त्यांच्याबरोबर शाळेत हेडमास्तरला जाब विचारणारे पाच पालकही जातात. छप्पर गळते, शिक्षक दोन वर्गांना एक असतो, विज्ञानाची पेटी कुलपात असते, विचारणार कोण? २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने मांडला, तेव्हा अशा मुक्या गावांचीच पंचाईत सर्वांत मोठी होती. पहिली ते चौथीची शाळाच दूर गेली, तर पाचवीतली प्रतिभा शोधावयाची कोणाकडून?

हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी हेच मांडले होते. वरच्या थोड्या लोकांना शिकवावे म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, ही सरकारची समजूत त्यांनी खोडून काढली. शेतकऱ्याच्या कराचा पैसा त्याच्याच मुलाच्या प्राथमिक शिक्षणाला लागला पाहिजे, असे बजावले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने प्रतिभेचा शोध हा शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर सतत चालावा असे म्हटले, आणि त्याच अहवालात सर्वांसाठी समान शाळेचाही आग्रह धरला. १९९० साली आचार्य राममूर्ती समितीने नवोदय योजना तपासताना, नवीन शाळा न काढता प्रतिभा जोपासण्याचे काम अधिक व्यापक करावे, असा पर्याय पुढे ठेवला. शाळा मात्र वाढत राहिल्या. आज देशात त्या साडेसहाशेच्या वर आहेत.

उलट बाजूचा एक आक्षेप आहे, आणि तो माझ्या काही सहकाऱ्यांच्या सोयीचा नाही म्हणून तो टाळून चालणार नाही. सर्वांना एकच शाळा, एकच वर्ग, एकच पुस्तक दिले म्हणजे न्याय झाला, असे आमच्यातील काहीजण समजतात. हे बरोबर नाही. जे गणित मुलाला दोन मिनिटांत येते ते तास-तास पुन्हा ऐकत बसवून ठेवणे ही त्याच्यावर सक्तीच आहे. कंटाळलेले हुशार मूल खोड्या करते किंवा गप्प होते, आणि दोन्ही बाबतीत शिक्षक त्याला ओळखत नाही. श्रीमंताच्या अशा मुलासाठी बाप शिकवणी लावतो. गरिबाच्या मुलासाठी शाळेनेच काही केले नाही तर कोणी करणार नाही. म्हणून खास लक्ष हे चैनीचे नाही, गरीब हुशार मुलाची ती गरज आहे. वाद आहे तो लक्ष द्यावयाच्या रीतीचा.

आपल्याकडे दोन रीतींची उदाहरणे आहेत. तरुण भीमराव आंबेडकरांना कोणत्या चाचणीने शोधले नाही. बागेत वाचत बसलेला मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने पाहिला, त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली, आणि पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यास मदत केली. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढताना त्यांनी चाळणी लावली नाही. सर्व जातींच्या गरीब मुलांना एका वसतिगृहात आणले, कमवा आणि शिका म्हटले, आणि त्यातूनच मोठी माणसे आपोआप वर आली. एका ठिकाणी पाहणारा डोळा होता, दुसऱ्या ठिकाणी उघडे दार होते. या दोहोंवाचून कोणतीही योजना अपुरी आहे.

तेव्हा करावयाचे काय? मी पाच मागण्या मांडतो. मागणीपत्राची सवय असल्यामुळे ती क्रमाने मांडतो.

पहिली: निवडीची पहिली चाचणी प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत, प्रत्येक मुलाची, शाळेच्या वेळेत व शाळेच्या खर्चाने व्हावी. अर्ज भरणाऱ्या पालकाची वाट पाहू नये. आणि चाचणीपूर्वी तशा प्रश्नांचा सराव सर्व मुलांना वर्गातच मिळावा.

दुसरी: संधी एकदाच असू नये. नवोदयमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागांवर नववीत आणि अकरावीत प्रवेश देतात. हे दार फटीएवढे आहे, ते रुंद करावे. कोणते मूल केव्हा उमलेल याचे वेळापत्रक कोणाजवळ नाही.

तिसरी: हुशार मुलाला गावच्या शाळेत असतानाच वरच्या इयत्तेच्या एखाद्या विषयाला बसू द्यावे. चौथीतल्या मुलीला सहावीचे गणित येत असेल तर त्या तासापुरते तिने सहावीत बसावे. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. हेडमास्तरचे मन लागते.

चौथी: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा, शाळासमूह आणि जिल्हा अशा पातळ्यांवर गणित, विज्ञान, भाषा, कला यांची मंडळे काढण्यास सांगितले आहे. कागद चांगला आहे. आपल्या तालुक्यात अशी किती मंडळे भरतात, त्यांना पैसा किती, शिक्षकाला त्यासाठी वेळ किती, हे प्रश्न विचारणे आपले काम आहे. अशा मंडळात तलावाची पाळ बांधणाऱ्या माणसाला, माग ओळखणाऱ्या वाटाड्याला, मासे ओळखणाऱ्या धीवराला पाहुणा म्हणून बोलवावे. मग मुलांनाही कळेल की हुशारीच्या किती जाती आहेत.

पाचवी: नवोदय विद्यालये जिल्ह्यातील इतर शाळांना वाट दाखविणाऱ्या शाळा व्हाव्यात, असे त्यांच्या मूळ हेतूतच आहे. त्या कामाचा हिशेब त्यांनी दरवर्षी मांडावा. दहावी-बारावीचा निकाल तर लागतोच. शेजारच्या किती शाळांना प्रयोगशाळा वापरू दिली, किती शिक्षकांना शिकविले, तेही सांगावे. आणि निवडलेल्या मुलांचे पालक कोणता धंदा करतात याची बेरीज, नावे न देता, दरवर्षी जाहीर करावी. शेतमजूर किती, विडी कामगार किती, नोकरदार किती. ही एक बेरीज भिंतीवर लागली तर माझे निम्मे भाषण अनावश्यक होईल.

आपण आपल्या मुलांचे अर्ज भरू नयेत असे मी सांगत नाही. जरूर भरा. मीही सह्या घेत राहणार आहे. यादीत नाव आले तर आनंदाने मूल पाठवा. नाव आले नाही तर त्याच दिवशी मुलाला जवळ बसवून सांगा, की ८० जागा होत्या म्हणून ८० नावे आली. तुझी हुशारी कोणी मोजलेली नाही. आणि दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत जाऊन विज्ञानाच्या पेटीची किल्ली कोणाजवळ आहे, एवढे विचारून या.